लेक दक्षिण महासागराच्या मोहिमेवर निघाली आहे

प्रश्न : माझी मुलगी सागरविज्ञानात पीएच.डी. करते, दुसरं वर्ष आहे. भारताच्या दक्षिण महासागर मोहिमेत तिची निवड झाली आहे. मॉरिशसला, पोर्ट लुई बंदरात जहाजावर चढायचं आणि पुढे दोन महिने समुद्रावर. ती आनंदात आहे, पण घरात सगळे धास्तावले आहेत. तिचे वडील म्हणतात, प्रबंध लांबेल आणि लग्नाचं बघतोय तेही मागे पडेल. पाठवावं का? आणि पाठवायचं तर तयारी काय करून घ्यायची?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, पाठवा. तिच्या वडिलांनाही हे उत्तर वाचून दाखवा.

या मोहिमेत जागा मोजक्या असतात. २००४ साली 'सागर कन्या' या आपल्या जहाजावरून दक्षिण महासागराची, म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राची, पहिली मोहीम गेली. २०२० सालची अकरावी मोहीम पोर्ट लुईहूनच दक्षिण आफ्रिकेच्या 'एसए अगुल्हास' जहाजावर निघाली, तेव्हा देशभरातल्या १८ संस्थांच्या संशोधकांना त्या एका जहाजात सामावून घ्यायचं होतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला अशा ठिकाणी पाठवताना तिच्या गाईडनं तिच्या कामावर भरवसा ठेवलेला असतो. आणि काम तितकंच मोलाचं आहे. माणसानं हवेत सोडलेला जो कार्बन डायऑक्साइड जगातले समुद्र शोषून घेतात, त्यातला सुमारे ४० टक्के वाटा एकट्या दक्षिण महासागराचा आहे. खोल पाण्यात किती प्राणवायू, किती क्षार, किती सूक्ष्म जीव आहेत, हे उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी तिथे जाऊन पाणी काढावंच लागतं.

प्रबंध लांबेल का, हे तिच्या तयारीवर ठरेल. घरात तयारी म्हटली की बॅग आठवते. खरी तयारी कंटेनरची असते. पंप, बाटल्या, रसायनं, फिल्टर पेपर हे सगळं मालवाहतुकीनं बरंच आधी रवाना होतं. फॉर्मालिन किंवा मोठ्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी बॅगेत घालून विमानानं नेता येत नाहीत. कस्टम्ससाठी प्रत्येक उपकरणाचा नंबर आणि किंमत लिहून द्यावी लागते, नाहीतर परत आणताना ते आपलंच होतं हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणजे तिच्या विमानाची तारीख कितीही लांब असली, तरी सामानाची तारीख जवळ आलेली असू शकते. ती तारीख तिला आजच विचारून घ्यायला सांगा.

यादी आठवून आठवून करू नये. प्रयोगशाळेत बादलीभर समुद्राचं पाणी घेऊन एक नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहावा आणि हात ज्या ज्या वस्तूला लागेल ती लिहून काढावी. चिमटा, फॉइल, पंपाची रबरी नळी, ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी चकती), पेन्सिल. हो, पेन्सिलसुद्धा. ओल्या हातांनी लिहिलेली शाई उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये टिकेलच असं नाही. पेन्सिल आणि जलरोधक लेबल टिकतं. लेबल पुसलं की दोन महिन्यांच्या कष्टाचा नमुना म्हणजे नुसतं पाणी उरतं. मोडू शकणारी प्रत्येक वस्तू दोन-दोन न्यावी, कारण तिथे, दक्षिणेला चाळीस अक्षांशांच्या खाली, दुकान नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. जहाज ठरलेल्या ठिकाणी, म्हणजे स्टेशनवर, थांबलं की पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं सीटीडी नावाचं उपकरण विंचवरून, म्हणजे तारेच्या रहाटावरून, खाली सोडतात. त्याच्याभोवती निस्किन बाटल्यांचं कडं असतं आणि प्रत्येक बाटली वेगळ्या खोलीवरचं पाणी भरून आणते. ते डेकवर आलं की पाणी घेण्याचा क्रम ठरलेला असतो : ज्यांना विरघळलेले वायू मोजायचे ते आधी, बाकीचे नंतर. एका बाटलीत साधारण दहा-बारा लिटर पाणी आणि मागणारे अनेक. आपल्याला कुठल्या स्टेशनवर, किती खोलीवरचं, किती लिटर हवं आहे, हे जिनं निघण्याआधीच्या बैठकीत मांडलेलं नसतं, तिच्या वाट्याला उरलंसुरलं पाणी येतं. नवखी मुलं तिथे भिडेखातर गप्प बसतात. तिला सांगा, आकडे घेऊन जा आणि बोल. आणि गाईडकडून एक ईमेल घ्यायला लावा : कुठले नमुने तिच्या प्रबंधाचे, विश्लेषण कुठल्या प्रयोगशाळेत आणि केव्हा होणार, शोधनिबंधात तिचं नाव कुठे. परत आल्यावर यावरून मनं दुखावतात. एवढं लेखी असेल तर मोहीम प्रबंधाला पुढेच नेईल.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत पाहा. परतीचं बंदर वेगळं असेल किंवा ऐनवेळी बदललं, तर त्या देशाच्या व्हिसाचं काय ते आधीच विचारा, कारण वैद्यकीय कारणानं जहाजाला वाट बदलावी लागू शकते. दातांच्या डॉक्टरांकडे मात्र आत्ताच न्या. दुखरी दाढ घरी किरकोळ असते, तिथे नसते. चष्मा असेल तर दुसरा जोड, आणि महिनाभर जास्तीचे सॅनिटरी पॅड. त्या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे जहाज डोलणारच. बोट लागली तर बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवसच त्रास होतो. गोळी उलटी सुरू व्हायच्या आत घ्यायची असते, पण काही गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत डेकवर उभं राहणं धोक्याचं. कुठली चालते ते डॉक्टरांना विचारून घरीच एकदा घेऊन पाहावी. लाइफजॅकेट आणि आणीबाणीत जमण्याची जागा यांची कवायत जहाजावर होते. ती मनापासून करावी.

तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्या मनात असणार : मुलगी म्हणून ती सुरक्षित असेल ना? हे सरळ विचारायचे प्रश्न आहेत. मोहिमेत बायका किती, केबिन कुणाबरोबर, तक्रार करायची वेळ आली तर जहाजावर कुणाकडे जायचं. तिच्या संस्थेत कायद्यानं अंतर्गत समिती असते. त्या समितीच्या सदस्यांची नावं, ईमेल मुलीकडे हवेत. कुणी म्हणेल, हे मुलींचं काम नाही. १९८३ साली भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर गेलेल्या सागरवैज्ञानिक आदिती पंत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या पंत घराण्यातल्या. कराडहून औंध किती लांब, ते तुम्हाला मी सांगायला नको.

लग्नाचं म्हणाल, तर दोन महिन्यांनी काही अडत नाही. ज्या घराला ही मोहीम अडचण वाटेल, त्या घरात तिचं पुढचं काम निभणार नाही. ते आधी कळलेलं बरं.

एका मोहिमेनं नोकरी लागत नाही, हेही स्पष्ट सांगते. पण समुद्रावर नीट काम केलेल्या माणसाला पुढच्या मोहिमेला बोलावणं येतं, आणि परदेशात पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, अर्ज करताना मोहीमप्रमुखांचं शिफारसपत्र वजनदार ठरतं.

शेवटी एक गोष्ट तुम्ही, तिच्या वडिलांनी आणि तिनं मिळून ठरवायची आहे. जहाजावरचं इंटरनेट कधी असेल, कधी नसेल. तिला रोज निरोप पाठवण्याच्या शपथा घालू नका. आणि या दोन महिन्यांत घरात कुणाचं बरंवाईट झालं, तर तिला लगेच कळवायचं की परत आल्यावर, हे तिलाच विचारा. तिला मधेच परत येता येणार नाही, म्हणून निर्णय तिचा असू द्या. ती जे सांगेल ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, काका-मामांनासुद्धा.