पोस्टर दोन दिवस थांबव

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, रस्त्यावरच्या मुलांच्या निवाऱ्यासाठी बुक डोनेशन ड्राइव्ह काढतोयस आणि पोस्टर पण रेडी आहे म्हणालास, मस्तच, पण पोस्टर दोन दिवस थांबव आणि आधी त्या निवाऱ्यातल्या ताईंना भेटून ये. एवढंच विचार की कोण किती वाचतं आणि कुठल्या भाषेत. कारण रस्त्यावर वाढलेल्या मुलांचं वय आणि इयत्ता यांचा बऱ्याचदा मेळच बसत नाही, तेरा वर्षांचा पोरगा तोंडी हिशेब फटाफट करतो आणि जोडाक्षर आलं की अडतो. त्याच्या हातात बालवाडीतलं सशाचं पुस्तक दिलं तर तो ते बाजूला सारतो आणि आपण म्हणून मोकळे होतो की याला वाचनाची आवडच नाही. अरे, त्याला लाज वाटते, बाजूला सात वर्षांचं पोर तेच वाचत बसलेलं असतं ना! त्याला विषय त्याच्या वयाचा पाहिजे आणि भाषा सोपी, म्हणजे गाड्यांची इंजिनं, खेळाडू, भुताच्या गोष्टी, पण वाक्यं छोटी आणि टाइप मोठा. अशी पुस्तकं डोनेशनमध्ये फारशी येत नाहीत, म्हणून लोकांकडे थोडे पैसे पण माग आणि ती सरळ विकत घे.

येतं काय, तर जुन्या सिलॅबसची पाठ्यपुस्तकं, उत्तरं भरलेली वर्कबुकं, आणि विश्वकोशाचा एकच जाडजूड खंड (बाकीचे कुठे गेले देव जाणे). लोकांना माळा रिकामा करायचा असतो. गोड बोलून नाही म्हणायचं. शाळेत नुकतं नाव घातलेल्या मुलाला पाठ्यपुस्तक यंदाचंच लागतं, नाहीतर सगळा वर्ग एक पान उघडतो आणि हा भलतंच, आधीच तो तिथे वेगळा पडलेला असतो.

आणि सगळी पुस्तकं कुलूपबंद कपाटात जाऊ देऊ नकोस. प्रत्येकाला निदान एक तरी स्वतःचं पाहिजे, नाव त्याचं त्याने घालायचं. एका मुलीने तर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात नाव लिहिलेलं मी बघितलंय, का तर पहिलं पान कोणी फाडलं तरी पुस्तक तिचंच राहील. जिथे ठेवलेली वस्तू परत जागेवर मिळत नाही तिथे वाढलेलं डोकं ते, बरोबरच चालतं.

मुलांचे फोटो काढू नकोस प्लीज. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ मध्ये रस्त्यावरच्या मुलांवर खास एक जनरल कमेंट (म्हणजे देशांसाठीचं मार्गदर्शन) काढली, नंबर २१, तिचा सगळा रोखच हा आहे की या मुलांकडे हक्क असलेली माणसं म्हणून बघा, दया दाखवायची म्हणून नाही. १९८९ च्या बालहक्क करारात पण कलम २८ शिक्षणाचं आहे आणि कलम ३१ खेळाचं, विरंगुळ्याचं, त्यामुळे कॉमिक्स कशाला असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस, बिनधास्त दे.

पुस्तकं पोचवलीस की आठवड्यातला एक वार ठरव आणि त्या वारी जाऊन सोबत बसून वाच, आणि जमणार नसेल तर आधीच सांग, येतो म्हणून न येणारी माणसं त्यांनी भरपूर बघितलीत. फाटलेलं पुस्तक दिसलं तर ओरडू नकोस, तेच वाचलं गेलंय, त्याचीच दुसरी कॉपी आण.

ताईंनी लिस्ट दिली की मला पाठव, माझ्याकडे काय काय निघतंय बघते.