नॅटकॉमला शाखेचा प्रतिनिधी म्हणून जाताना काय तयारी करावी?

शाखेने पाठवलंय म्हणजे तुम्ही तिथे एकटे नाही, हे आधी मनात पक्कं करा. नॅटकॉम म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट या खरेदी-साठा व्यवस्थापनातल्या लोकांच्या संस्थेचं राष्ट्रीय अधिवेशन. तिथे भाषणं भरपूर होतात, पण आपल्या सभासदांच्या अडचणी कुणीतरी मांडल्या तरच पुढे जातात.

जायच्या दोन आठवडे आधी सभासदांना फोन करा. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, फोनच करा. मी गेलो तेव्हा असे वीसेक फोन केले होते आणि निम्म्या जणांचा प्रश्न एकच निघाला: लघुउद्योगांना द्यायचं पेमेंट. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसच. मग दिवस मोजायचे कुठून? माल गेटवर आला तेव्हापासून की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कंपनीची नोंद, निघाल्यापासून? कायदा प्रत्यक्ष माल मिळाल्याचा दिवस धरतो. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल, तर ती दूर झाल्याचा दिवस. आमच्याकडे अनेक जण जीआरएनची तारीख धरून बसले होते! हा मुद्दा मी प्रश्नोत्तरांत उभं राहून मांडला. त्यानंतर चहाच्या वेळी दुसऱ्या शाखांचे लोक आपणहून येऊन बोलले.

स्वतःच्या कंपनीचं गाऱ्हाणं मात्र तिथे शाखेच्या नावावर मांडू नका. परतल्यावर आठवडाभरात दोन पानी टिपण सगळ्यांना पाठवा. ज्यांनी प्रश्न दिले होते, त्यांना उत्तर फोनवर सांगा.