बसवर की बसमध्ये?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. 'आय ॲम इन द बस' या त्याच्या वाक्यातल्या 'इन'ला बाईंनी लाल गोल करून वर 'ऑन' लिहिलं. खालच्याच ओळीतलं 'इन द कार' मात्र बरोबर! बसमध्ये आपण आतच बसतो ना, की टपावर? त्याला समजावता समजावता मीच गोंधळले.
– एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमच्या ओळखीत कुणी बोटीवर नोकरीला आहे का? तो खाली इंजिनरूममध्ये घामाघूम होत असला, तरी आपण 'बोटीवर असतो' असंच सांगतो. 'आज कोल्हापूर गाडीवर ड्रायव्हर कोण आहे?' असं स्टँडवर विचारलं, तर कुणी टपाकडे बघत नाही. 'ऑन द बस' त्यातलंच.

खूण अशी : ज्या वाहनात उभं राहून चार पावलं टाकता येतात, तिथे 'ऑन'. बस, ट्रेन, विमान, जहाज. जिथे वाकून शिरायचं आणि शिरलं की बसायचंच, तिथे 'इन'. कार, टॅक्सी, आपली रिक्षा. स्कूटर आणि घोड्यावर तर आपण खरोखरच वर बसतो, त्यामुळे 'ऑन'. चढण्या-उतरण्याचंही तसंच : बसला 'गेट ऑन', 'गेट ऑफ'; कारला 'गेट इन', 'गेट आउट ऑफ'. आता, बसच्या आत किती उकडत होतं हे सांगायचं असेल, तर 'इन द बस'ही चालतं. म्हणजे तो लाल गोल जरा घाईचाच. पण बाईंशी भांडायला जाऊ नका, मीही तीस वर्षं असे गोल काढलेत.

खरी पंचाईत होते ती मराठीतला प्रत्यय जसाच्या तसा उचलला की. आपण नवऱ्यावर रागावतो, नवऱ्याला घाबरतो (निदान तसं दाखवतो) आणि लग्नही नवऱ्याशीच करतो. माणूस एक, प्रत्यय तीन. इंग्रजीतही तीनच, पण वाटणी निराळी : अँग्री 'विथ', अफ्रेड 'ऑफ', मॅरिड 'टू'. म्हणून मुलाला सुटं 'विथ', सुटं 'टू' पाठ करायला लावू नका. शब्दाला चिकटवूनच म्हणून घ्या.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी ऐटीत म्हटलं, 'आय ॲम मॅरिड विथ अ टीचर.' समोरच्या मॅडम हळूच पुटपुटल्या, 'टू.'

मी घाईघाईने म्हणाले, 'नो मॅडम, ओन्ली वन!'