विमानावर वीज पडते तेव्हा आतील उपकरणांचे काय होते?

प्रश्न : मे महिन्यात वळवाचे ढग दाटून आले की उजळाईवाडीहून उडणाऱ्या विमानांविषयी मनात शंका येते. धातूच्या कवचात माणूस सुरक्षित राहतो, असे शाळेत शिकलो. मग विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांची एवढी काळजी का, आणि ती संगणकावर कशी तपासतात?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शाळेतले ते विधान अखंड कवचापुरते खरे आहे. विमानाला खिडक्या, दारांच्या फटी आणि सांधे असतात. शिवाय अनेक नव्या विमानांत ॲल्युमिनियमऐवजी कार्बन फायबरचे कॉम्पोझिट (धागे राळेत बसवून केलेले मिश्र साहित्य) वापरतात, ज्यातून वीज तितक्या सहज वाहत नाही. प्रमाणित चाचणीत पहिला झटका २ लाख अँपिअरचा धरतात व तो अवघ्या ६.४ मायक्रोसेकंदांत (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) शिखर गाठतो. या प्रवाहाच्या वाटेवरील भागाचा रोध केवळ ५ मिलिओहम असला, तरी त्याच्या दोन टोकांत १,००० व्होल्टचा फरक पडतो आणि त्या टोकांशी जोडलेल्या उपकरणांना तो सोसावा लागतो. फटींतून शिरणारे, झपाट्याने बदलणारे चुंबकीय क्षेत्रही तारांच्या जुडग्यांत व्होल्टेज निर्माण करते.

संगणकावर विमान आणि भोवतालची हवा लहान घनांत विभागून मॅक्सवेलची समीकरणे, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नियम, टप्प्याटप्प्याने सोडवता येतात. ही पद्धत केन यी यांनी १९६६ मध्ये मांडली. मात्र घनाची बाजू १ सेंटिमीटर ठेवली, तर काळाचा टप्पा सुमारे १९ पिकोसेकंदांहून (पिकोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा दहा लाखावा भाग) मोठा घेता येत नाही. म्हणजे ५०० मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी अडीच कोटींहून अधिक टप्पे लागतात, आणि इतके करूनही मिलिमीटरभर जाडीची तार त्या घनात दिसतच नाही. म्हणून आधी विमानाच्या आतील विद्युत-चुंबकीय क्षेत्र किती हे गणिताने शोधून तारांचे गणित बहुधा वेगळे मांडतात.

माझ्या मते खरी कसोटी तारेच्या टोकाशी लागते. बाहेरचे क्षेत्र अडवणारे तारेवरचे जाळीदार आवरण कनेक्टरला चहूबाजूंनी घट्ट न बसवता बोटभर तारेच्या शेपटीने जोडले, तर त्याचा बराचसा उपयोग वाया जातो. संगणकावरील प्रारूपात हा तपशील सुटला, की बाकीचे गणित कितीही काटेकोर असले तरी उत्तर फसवे येते. त्यामुळे प्रत्यक्ष मोजमापाला पर्याय नाही. नासाने १९८० च्या दशकात एफ-१०६बी हे विमान मुद्दाम वादळांत नेले आणि त्यावर ७१४ वेळा वीज पडली.

वळवाच्या ढगात वैमानिक सहसा शिरतच नाहीत. तरीही वीज बसलीच, तर पुढच्या उड्डाणापूर्वी विमानाची तपासणी होते, आणि आपल्याला फार तर विमानतळावर ताटकळावे लागते.