मेजर बदलायचा अर्ज नेमका कोणाचा?

पत्र: माझी मुलगी तालुक्याच्या गावी एका संलग्न महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित होतं. दुसऱ्या वर्षी आम्ही गणित मेजर (मुख्य विषय) आणि रसायनशास्त्र मायनर (दुय्यम विषय) घेतलं. पोर्टलवरचा फॉर्म मीच भरला, तिला त्यातलं काही कळत नाही. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात गणिताचा एकेक पेपर राहिला आहे. म्हणून चौथ्या सत्रापासून भौतिकशास्त्र मेजर घ्यायचं ठरवलं, तर कॉलेज नाही म्हणतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कागदात मेजर बदलता येतो असं लिहिलंय, मी प्रिंट दाखवली. मुंबईत माझ्या भाच्याला बदलून मिळाला. विद्यापीठ हे नियम ठरवतं तरी कसे? विद्यापीठाच्या अधिसभेतले (सिनेटमधले) एक सदस्य ओळखीचे आहेत. त्यांच्यामार्फत कुलगुरूंना भेटू का? मुलीला रसायनशास्त्रात गुण चांगले आहेत, पण त्यात पुढे काय? (एक पालक)

उत्तर: नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मुलीला काय हवंय ते शोधत होतो, सापडलं नाही. गणित तुम्ही निवडलं, फॉर्म तुम्ही भरलात, आता भौतिकशास्त्रही तुम्हीच ठरवलंत. ज्या विषयात तिला गुण मिळतात त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत आहे आणि तोही ‘पण’ लावून. दोन बॅकलॉग ही मोठी गोष्ट नाही, बी.एस्सी.च्या मुलांना लागतात आणि सुटतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला तिच्याच पदवीचा फॉर्म ‘कळत नाही’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. तो कळायला अवघड नाही. तिला तो कधी हातात मिळालेला नाही.

आता तुमचा प्रश्न. नियम कसे ठरतात हे समजून घ्या, म्हणजे कोणाला भेटून उपयोग आहे आणि कोणाला नाही ते आपोआप कळेल.

यूजीसीनं डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा आराखडा दिला. राज्य शासनानं त्यावरून 20 एप्रिल 2023 ला शासन निर्णय काढला, 13 मार्च 2024 ला तो सुधारला आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी रचना आली. पण हे दोन्ही कागद म्हणजे तुमच्या कॉलेजचा नियम नव्हेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे शैक्षणिक बाबतीत शेवटचा शब्द विद्यापरिषदेचा. विषयाचं अभ्यासमंडळ अभ्यासक्रमाचा मसुदा करतं. त्यात विद्यापीठाचे विभागप्रमुख, महाविद्यालयांतले त्या विषयाचे प्राध्यापक आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. तो मसुदा विद्याशाखेकडे जातो, तिथून विद्यापरिषदेपुढे. उत्तीर्णतेचे निकष, एटीकेटी (राहिलेले पेपर घेऊन पुढे जाण्याची सवलत), पुढच्या वर्षात जाण्याची अट, मेजर-मायनर निवडीची मुदत हे सगळं असंच वर सरकत जातं. परीक्षा आणि प्रवेशाबद्दलचा अध्यादेश, म्हणजे विद्यापीठाचा नियम, व्यवस्थापन परिषद काढते, पण विद्यापरिषदेनं मसुदा दिल्याशिवाय नाही. मग परिपत्रक निघतं आणि ते प्राचार्यांच्या टेबलावर येतं. प्राचार्यांच्या हातात राहतं ते एवढंच: कोणते विषय शिकवायला माणसं आहेत, प्रयोगशाळेत किती बॅचेस बसतात आणि वेळापत्रकात काय मावतं.

यात अधिसभा कुठे आली? ती अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल पाहते, परिनियम करते, प्रश्न विचारते. एका विद्यार्थिनीचा मेजर तिच्या हातात नाही. कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी निर्देश काढण्याचा अधिकार कायद्यानं दिला आहे, पण ते निर्देश नंतर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवावे लागतात आणि ते सगळ्यांसाठी असतात. एका मुलीसाठी निर्देश काढणारे कुलगुरू भेटलेच, तर पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात रांग लागेल आणि हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. ओळख वापरू नका. उपयोग शून्य, आणि कॉलेजात मुलीकडे बघण्याची नजर बदलते ती वेगळीच.

तुमचा खरा गैरसमज त्या प्रिंटमध्ये आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. हा एकट्या तुमचा नाही, सध्या घरोघरी आहे: यूजीसीनं म्हटलंय, म्हणजे हक्क मिळाला. तो आराखडा पूर्ण वाचा. मेजर बदलण्याची विनंती करण्याची वेळ त्यात दुसऱ्या सत्राच्या शेवटी सांगितली आहे, चौथ्या सत्राच्या तोंडावर नाही. त्यासाठी संस्थेला मंजूर संख्येपेक्षा दहा टक्के जास्त जागा करता येतील असं म्हटलं आहे, कराव्याच लागतील असं नाही. आणि या जागांसाठी प्राधान्य कोणाला? पहिल्या वर्षाचा एकही विषय न राहिलेल्या, सर्वांत चांगला सीजीपीए (सगळ्या सत्रांचा सरासरी गुणांक) असलेल्या विद्यार्थ्यांना. म्हणजे जो कागद तुम्ही प्राचार्यांपुढे ठेवलात, तोच तुमच्या विरोधात जातो. त्यांनी तो वाचून दाखवला नाही, हा त्यांचा भिडस्तपणा.

भाच्याचं कोडं सोपं आहे. त्याचं कॉलेज बहुधा स्वायत्त असेल. मुंबईतलं सेंट झेवियर्स, रुईया किंवा पुण्यातलं फर्ग्युसन यांची पदवी विद्यापीठाचीच असते, पण अभ्यासमंडळ आणि विद्यापरिषद त्यांची स्वतःची. मेजर कधी बदलायचा, अंतर्गत गुण किती, हे ते आपल्या सभेत ठरवतात. तुमचं कॉलेज संलग्न आहे, तिथे विद्यापीठाचं परिपत्रक चालतं. नातेवाइकांचा नियम आपल्याला लावू नका. वरच्या वर्गातल्या मुलांचाही लावू नका, कारण नियम पॅटर्नप्रमाणे, म्हणजे त्या बॅचच्या अभ्यासक्रमाच्या रचनेप्रमाणे, असतात. परिपत्रक हातात घेतलं की आधी तारीख बघायची, मग ते कोणत्या वर्षी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांना लागू आहे ती ओळ, मग विद्यापरिषदेच्या सभेची तारीख आणि ठरावाचा क्रमांक, आणि त्यानंतर मजकूर. निम्मे वाद जुन्या पॅटर्नचं परिपत्रक नव्या बॅचच्या मुलांनी व्हॉट्सअॅपवर वाचल्यामुळे होतात.

समजा सगळे तयार झाले, तरी भौतिकशास्त्र जमणार कसं? ते तर तिनं दुसऱ्या वर्षी सोडलेलं आहे. तीन वर्षांच्या पदवीचे किमान 120 क्रेडिट (अभ्यास मोजण्याचं एकक) धरले, तर यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे निम्मे, म्हणजे 60, मेजरचे लागतात. तिसऱ्या सत्रातले भौतिकशास्त्राचे क्रेडिट तिच्याकडे नाहीत आणि गणिताचे तिथे मेजर म्हणून चालणार नाहीत. थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं, प्रॅक्टिकलचं 30 तासांचं. दोन क्रेडिटचं एक प्रॅक्टिकल राहिलं असेल, तर 60 तास प्रयोगशाळेत उभं राहून भरून काढावे लागतील, तेही चौथ्या सत्राचं काम चालू असताना. गाईड वाचून ते भरून निघत नाही. गणितात अडखळणाऱ्या मुलीला भौतिकशास्त्रात सोपं जाईल हा अंदाज कशावरून केलात, हेही कळलं नाही. तिथे गणित कमी लागतं असं थोडंच आहे?

दुसऱ्या सत्रातल्या राहिलेल्या पेपरबद्दल एक सावधगिरी. मेजर उद्या बदलला तरी तो पेपर सुटत नाही. पहिल्या वर्षाचे क्रेडिट पूर्ण असावेच लागतात, सोडलेल्या विषयाचेसुद्धा. बहुतेक विद्यापीठांत पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. तेव्हा मेजरमागे धावण्याआधी हा पेपर. कुठे अडकलाय ते पाहा: अंतर्गत मूल्यमापनात की सत्रान्त परीक्षेत? काही विद्यापीठांत दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. अंतर्गत गुण कमी असतील तर ती फेरपरीक्षा कॉलेजातच होते आणि तिची सूचना फलकावर लागते. मुलं ती चुकवतात, मग विद्यापीठाचा पेपर पुन्हा पुन्हा देत बसतात आणि निकाल हलत नाही. सत्रान्त परीक्षेत थोडक्यात गेलं असेल तर पुढच्या वेळी निकालाबरोबर येणारं परिपत्रक बघून आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती विषयाच्या शिक्षकांना दाखवा, मगच पुनर्मूल्यांकन. अर्जाची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती कोणासाठी थांबत नाही.

कॉलेजनं खरंच नियम मोडला असेल, म्हणजे मेजर बदलायची मुदत होती आणि ती विद्यार्थ्यांना कळवलीच नाही, तर मार्ग आहे. यूजीसीच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तक्रार मिळाल्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील. नुसते गुण वाढवून मागायला मात्र तिथे जाऊ नका. मूल्यमापनात ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला तरच तशी तक्रार ऐकली जाते. आणि तक्रार विद्यार्थिनीच्या सहीनं द्या.

आता रसायनशास्त्रात ‘पुढे काय?’ एम.एस्सी. आहे, त्यासाठी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, आयआयटींसाठी जॅम या परीक्षा आहेत, आणि औषध, रंग, अन्न, पाणी तपासणी अशा कुठल्याही प्रयोगशाळेत रसायन जाणणारा माणूस लागतो. रसायन तिचं मायनर आहे, म्हणजे दार बंद झालेलं नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या यूजीसीच्या 2024 च्या आराखड्यात मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कोणत्याही विषयात पुढे जाण्याची वाट ठेवली आहे. पण वर जे लिहिलं ते इथेही लागू: ज्या विद्यापीठात जायचं त्याची पात्रतेची अट आजच वाचायची. काही ठिकाणी रसायनाचे किमान इतके क्रेडिट हवेत अशी अट निघू शकते आणि ती माहीत असेल तर उरलेल्या सत्रांतले निवडीचे पेपर त्या हिशोबानं घेता येतात.

रसायनच मेजर हवं असेल तर दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला नव्यानं प्रवेश घेणं हा पर्याय उरतो. वर्ष जाईल. जुने क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात) राहतात, पण त्यातले कोणते समकक्ष धरायचे हे नवं कॉलेज ठरवेल, म्हणून प्रवेश रद्द करण्याआधी ते लेखी घ्या. पदवी पूर्ण करायला एकूण सात वर्षांची मर्यादा आहे, तेव्हा एक वर्ष गेल्यानं आभाळ कोसळत नाही. हे करायचं की गणित सोडवून पुढे जायचं हे मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.

या आठवड्यात पोर्टलवरचा मोबाईल क्रमांक बदलून तिचा टाका, ओटीपी तिच्या फोनवर जाऊ द्या. पुढचं पत्र तिनं लिहावं, चार ओळी पुरेत. त्यात गणिताच्या दोन्ही पेपरांचे अंतर्गत आणि सत्रान्त गुण वेगवेगळे हवेत, रसायनाच्या प्रॅक्टिकलचे गुण हवेत, आणि गणित-रसायनापैकी कोणता तास ती चुकवत नाही तेही. उत्तर तिच्या नावानं देईन.