बाबांचा फ्लॅट आत्ताच नावावर करून घ्यावा का?

कोल्हापूरहून आलेला हा प्रश्न. वाचकाचं वय 46, शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, त्यावर 40 लाखांचं कर्ज आणि त्या कर्जाला स्वतःची हमी. वडील 79 वर्षांचे निवृत्त शिक्षक, आई 73 ची. साधारण 75 लाखांचा फ्लॅट वडिलांनी पगारातून घेतलेला, एकट्याच्या नावावर. 28 लाखांच्या ठेवी, गावाकडे दीड एकर. बहीण बेळगावला. वडील हल्ली विसरतात. गेल्या महिन्यात सही जुळली नाही म्हणून बँकेने चेक परत केला. मामा म्हणतात, "बक्षीसपत्र करून टाका, 200 रुपयांत काम होतं." करावं का?

माझं उत्तर : करू नका.

मामा म्हणतात ते 200 रुपये खरे आहेत. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नवऱ्याला, बायकोला किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. वरचा स्थानिक अधिभार नोंदणी कार्यालयात विचारून घ्या. पण त्याऐवजी इच्छापत्र, म्हणजे मृत्युपत्र, केलं तर त्याला मुद्रांकच लागत नाही, साध्या कागदावर चालतं. करातही फरक पडत नाही. वडिलांकडून मिळालेल्या बक्षिसावर आयकर नाही, वारशावरही नाही, आणि पुढे फ्लॅट विकलात तर दोन्हीकडे वडिलांचीच मूळ खरेदी किंमत धरतात. म्हणजे स्वस्ताईचा मुद्दा इथेच संपला.

आता दुसरी बाजू. नोंदवलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. त्या दिवसापासून फ्लॅट तुमचा, आणि तुमचा म्हणजे तुम्हाला कर्ज देणाऱ्यांच्याही आवाक्यातला. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की "पुढेमागे फ्लॅट तारण ठेवता येईल." सगळ्या पत्रात मला हेच वाक्य सर्वांत प्रामाणिक वाटलं, आणि त्यानेच मी सावध झालो. वर्कशॉपची दोन वर्षं वाईट गेली तर बँक आई-वडिलांच्या दारावर नोटीस लावेल. 79 व्या वर्षी त्यांनी हा धोका का घ्यावा?

आणखी एक गोष्ट बोलायला कडू आहे. एका कुटुंबात वडिलांनी घर मुलाला बक्षीस दिलं आणि तीन वर्षांत मुलगाच गेला. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको, मुलं आणि आई येतात, वडील येत नाहीत. ज्याने कर्ज फेडून घर उभं केलं, त्याचाच त्यात हिस्सा उरला नाही. सून चांगली होती म्हणून निभावलं.

ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे, हे मला ठाऊक आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर कलम 23 खाली ती परत मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दिसायला हवं. 2025 च्या निकालात कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितलं. तरी ज्याला चेकवर सही जमत नाही, त्याने प्रांत कार्यालयात तारखांना जाऊन बसायचं, हा काही आर्थिक आराखडा नव्हे.

मग इच्छापत्र. घरात 'मृत्युपत्र' शब्द काढू नका, नोंदणी कार्यालयात काढावा लागेलच. वडिलांचं वेगळं, आईचं वेगळं. मराठीतच लिहा, ज्या भाषेत बाबा विचार करतात त्या भाषेत. दोन साक्षीदार बाबांपेक्षा वयाने बरेच लहान असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांपैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत कराच. प्रकृती ठीक नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. शिवाय त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला हवा, की पेशंट शुद्धीवर आहेत, काय लिहून देतात ते त्यांना कळतं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं म्हणजे मन ठिकाणावर नसणं, असं कायदा मानत नाही. मात्र निदानाचा कागद फाइलला लागला की हेच सिद्ध करणं जड जातं. म्हणून घाई करायची असेल तर इथे करा. येत्या पंधरवड्यात.

मजकूर काय असावा? बाबांच्या मागे फ्लॅट पूर्णपणे आईचा. आई आधी गेली तर कोणाला, तेही त्यातच लिहायचं. "आईला हयातभर राहण्याचा हक्क आणि मालकी मुलाची" हा प्रकार अनेक वकील सुचवतात. मला तो आवडत नाही. उद्या शुश्रूषेसाठी पैसे लागले तर घर विकायचं की नाही, हे आईला ठरवता आलं पाहिजे, तुमच्या सहीवाचून.

ताईला काही नको, असं तुम्ही लिहिलंय. हे ती म्हणाली की तुम्हीच धरून चाललात? बाबा हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या फ्लॅटवर तिचा हक्कच नाही, मग तिच्याकडून हक्कसोडपत्र कशाचं घेणार? इच्छापत्र नसेल तर बाबांच्या मागे आई, ताई आणि तुम्ही, तिघांचे समान हिस्से. तिला बेळगावहून बोलवा आणि बाबांसमोर बसवा. शेतीचा 7/12 उतारा त्या आधी काढून ठेवा. आजोबांच्या वेळची वारस नोंद झाली आहे का, काका-आत्यांची नावं लागली आहेत का, ते फेरफार पाहिल्याशिवाय कळत नाही. बाबा फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात.

इच्छापत्र मात्र बाबांच्या मागेच कामाला येतं. तुमची अडचण आजची आहे, त्या परत आलेल्या चेकची.

मुखत्यारपत्रावर विसंबू नका. आपल्याकडे लिहून देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्राचा अंमलही जातो. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. त्याऐवजी बाबांच्या सहीला वजन आहे तोवर बचत खात्यात आईचं नाव 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा पद्धतीने घाला. ठेवींवरही तसंच करा, पण तिथे एक मेख आहे. अशी ठेव मुदतीआधी मोडायला दोघंही हयात असताना सहसा दोघांच्या सह्या मागतात, आणि एक गेल्यावर दुसऱ्याला मोडता यावी म्हणून दोघांची संमती आधी लिहून दिलेली असावी लागते. काउंटरवरचा फॉर्म भरताना हे कोणी आपणहून सांगत नाही. विचारा, लेखी द्या, पोच घ्या. तोवर पैसे लागलेच तर अंगठा चालतो. आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा, दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अशी रिझर्व्ह बँकेचीच सोय आहे.

नॉमिनी लावा, 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चारपर्यंत लावता येतात. सोसायटीतही नामनिर्देशन भरा. पण नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे नॉमिनी आणि इच्छापत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा.

शेवटी बाबांची पेन्शनची फाइल काढा. कुटुंब निवृत्तीवेतन आईला मिळायचं आहे, आणि कितीतरी घरांत पेन्शनच्या कागदावर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरंच असतं. आईचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे जुळते का बघा. जुळत नसेल तर दुरुस्तीच्या अर्जावर बाबांची सही लागेल, आणि ती या महिन्यात जितकी बरी येते तितकी दिवाळीनंतर येईलच असं नाही.