संगणकीय गोपनीयतेवर संशोधन करणाऱ्यांची कारकीर्द कशी घडते?

हॅकिंगचे कौशल्य असले की पुरते, असा समज असल्यास अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांचे उदाहरण पाहावे. १९९० च्या दशकात एमआयटीत शिकत असताना त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या, नावे वगळून संशोधकांना दिलेल्या वैद्यकीय नोंदींशी ती जुळवून, जन्मतारीख, लिंग व झिप कोड (अमेरिकेतील पिन कोड) एवढ्यावरून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद ओळखून दाखवली. यात कोणतीही यंत्रणा फोडलेली नव्हती, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. पुढे पीएचडी, कार्नेगी मेलन व हार्वर्ड ही विद्यापीठे आणि २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे मुख्य तंत्रज्ञपद असा प्रवास झाला. म्हणून प्रोग्रॅमिंगबरोबर संख्याशास्त्र आणि थोडा कायदाही अवश्य शिकावा.